मशीन उलटी केल्याशिवाय नाव सांगू नये

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पारोळ्याकडची एक बहीण माहेरी आली आणि भावाला घेऊन माझ्या अमळनेरच्या दुकानी आली. रिक्षात गोणपाटात गुंडाळलेलं मशीनचं डोकं, शेजारी त्यांची आई. भाऊ म्हणाला, "मिस्तरी, जर्मनची मशीन आहे, सांभाळून उतरवा." बहीण लगेच म्हणाली, "जर्मनची कशाची? विलायतेची आहे, आजी सांगायची." वाटेभर दोघांचं हेच चाललं होतं. आई ऐंशीच्या पुढची. ती एवढंच म्हणाली, "मन्ही सासूनी शे. अमयनेरथून गाडावर उनी व्हती." म्हणजे, माझ्या सासूची आहे, अमळनेरहून गाडीवर आली होती.

मी दोघांनाही उत्तर दिलं नाही. गोणपाट जमिनीवर अंथरलं आणि मशीन उलटी केली.

मी पस्तीस वर्षं हे काम करतो. माझ्या आधी आण्णा करायचे. सायकलच्या कॅरिअरला हत्याराची पेटी बांधून पारोळा, चोपडा, धरणगाव असे बाजार धरायचे आणि जाईल तिथे ओट्यावर बसून मशिनी दुरुस्त करायचे. त्यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट हीच. मशीनवर जे दिसतं ते रंगवता येतं, खरवडता येतं, नव्याने चिकटवता येतं. बुडाशी ठोकलेला नंबर आणि आतली शटलची, म्हणजे खालचा दोरा नेणाऱ्या भागाची, चाल बदलणं फार अवघड. म्हणून नाव वाचायची घाई करू नये. घरात जुनी मशीन पडून असेल आणि ती कुणी केली, कुठून आली हे शोधायचं असेल, तर मी जसं पाहतो तसं सांगतो.

पुसायला घेण्याआधी

पहिली विनंती, मशीन लगेच चकाचक करू नका. काळ्या रंगावर जी सोनेरी नक्षी असते तिच्यावर लाखेचा पातळ थर दिलेला असतो. स्पिरिट किंवा थिनर लागलं की लाख विरघळते आणि बोळ्याबरोबर नक्षी निघून येते. साबणाच्या पाण्याने ती पांढुरकी पडते. नक्षीवर फक्त मशीनचं तेल, जुन्या धोतराचा मऊ तुकडा आणि हलका हात. तेल रात्रभर मुरू द्या, सकाळी टिपून घ्या, पुन्हा लावा. चार दिवस लागले तरी लागू द्या. रॉकेल आणि दातांचा जुना ब्रश आतल्या लोखंडी भागांसाठी ठेवा, नक्षीजवळ नेऊ नका.

हे मी इतकं कळकळीने सांगतो त्याला कारण आहे. विशीत असताना धरणगावच्या एका शिंपीदादांची मशीन मी पॉलिशपेपरने घासली, वरून काळा ऑइलपेंट मारला आणि ती नव्यासारखी करून दिली. ते खूश झाले. आण्णांनी हात फिरवून पाहिला आणि विचारलं, "नंबर कुठे गेला?" तो मीच घासून काढला होता. त्यांच्या आजोबांची मशीन होती ती. तिचं साल आता कुणालाच सांगता येणार नाही.

मशीन उलटी करायच्या आधी सुई काढून घ्या. पायमशीन असेल तर वादी उतरवा, डोकं मागे बिजागरीवर कलतं करा. बिजागरीचे दोन स्क्रू ढिले केले की डोकं उचलून निघतं. हातमशीन लाकडी पेटीत बसलेली असते, तिला बाजूला अडसर असतो. एकट्याने उचलू नका, ओतीव लोखंड आहे, पायावर पडलं तर हाड मोडतं. आणि पेटीच्या उजव्या टोकाला सरकतं झाकण असलेला लहान कप्पा असतो तो आवर्जून उघडा. त्यात जादा शटल, किल्ली, आणि नशीब असेल तर कागद सापडतात. कागदांचं पुढे सांगतो.

नंबर

सिंगर असेल तर नंबर बैठकीवर, उजव्या हाताला, हातचाकाच्या बाजूच्या खांबाच्या पायथ्याशी असतो. जर्मन आणि इतर मशिनींचा नंबर कधी खांबाच्या मुळाशी, कधी पुढच्या कडेला, कधी पार बुडाखाली सापडतो. वर्षानुवर्षांच्या तेलाने आणि सुताच्या कचऱ्याने तो भरून गेलेला असतो. बोटाने तेल लावा, पुसा, मग शाळेतला पांढरा खडू आडवा घासा आणि कोरड्या बोटाने वरचा खडू पुसून टाका. खाचेत पांढरं राहतं आणि आकडे उठून दिसतात. तरी जमलं नाही तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवा. मोबाइलने फोटो घेणार असाल तर बॅटरीचा उजेड समोरून टाकू नका, बाजूने आडवा टाका, सावलीत आकडा उभा राहतो.

इथे जवळजवळ सगळेच एक चूक करतात. सिंगरच्या प्रत्येक सुट्या भागावरही नंबर ठोकलेला असतो. सरकपट्टीवर, म्हणजे शटलवरच्या सरकत्या झाकणपट्टीवर, कापड दाबणाऱ्या पायावर, बाबीनच्या केसवर. शेजारी बऱ्याचदा 'सिमॅन्को' लिहिलेलं असतं, ती सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची खूण. तो त्या भागाचा नंबर, मशीनचा नव्हे. धुळ्याहून एकाने मला फोनवर पाच आकडी नंबर सांगितला आणि विचारलं, "मशीन दीडशे वर्षांची ना?" फोटो मागवला तर तो सरकपट्टीचा नंबर निघाला.

आता अक्षरं. मशीनवर ती रोमन लिपीत असतात, मी इथे उच्चाराने लिहितो.

सिंगरच्या नंबराआधी एकही अक्षर नसेल तर मशीन साधारण १९०० च्या आधीची. १९०० पासून नंबराच्या डोक्यावर अक्षर येऊ लागलं आणि ते अक्षर कारखाना सांगतं. एफ, जे, एम, पी, आर, एस, व्ही, एक्स, वाय या एकेरी अक्षरांच्या मशिनी स्कॉटलंडच्या क्लाइडबँकच्या. ईए पासून पुढची 'ई'ची जोडअक्षरंही तिथलीच. बी, डी, जी, एच, के, एल, एन ही अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एलिझाबेथच्या कारखान्याची, आणि १९२० च्या दशकाच्या मध्यापासून तिथे एए, एबी अशी जोडी सुरू झाली. सी म्हणजे जर्मनीतलं विटेनबर्गे. टी म्हणजे रशियातलं पोडोल्स्क. जेए, जेबी वगैरे कॅनडातली.

यात दोन ठिकाणी पाय घसरतो. नुसता 'जे' स्कॉटलंडचा, पण 'जेए' कॅनडाचा. आणि 'के'चं तर फारच गोंधळाचं आहे. नंबराच्या आधी 'के' आला तर मशीन अमेरिकेची, पण मॉडेलच्या आकड्यानंतर 'के' आला, म्हणजे '१५ के' किंवा '६६ के', तर तो के किलबोवीचा, म्हणजे क्लाइडबँकच्याच कारखान्याचा. मॉडेलचा आकडा बहुधा बिल्ल्याखालच्या छोट्या पट्टीवर असतो. दोन्ही वेगळे वाचा, वेगळे लिहा.

आपल्या खानदेशात माझ्या हाताखालून गेलेल्या सिंगरांपैकी बहुतेक सगळ्या क्लाइडबँकच्या. त्यात नवल नाही, इंग्रजांचं राज्य होतं आणि माल तिथून यायचा. ग्लासगोजवळ क्लाइड नदीकाठचा तो कारखाना १८८५ साली सुरू झाला. १९१३ साली एका वर्षात तिथून १३ लाखांच्या वर मशिनी बाहेर पडल्या. कारखान्याला स्वतःचं रेल्वे स्टेशन होतं, त्या स्टेशनचं नाव आजही सिंगर आहे. १९४१ च्या मार्चमध्ये जर्मन विमानांनी क्लाइडबँकवर बॉम्ब टाकले, तेव्हा कारखान्याच्या लाकडाच्या वखारीला आग लागली. त्या युद्धाच्या वर्षांत तिथे मशिनींबरोबर युद्धाचं सामान होऊ लागलं. १९८० साली कारखाना बंद झाला.

क्लाइडबँकच्या 'वाय' मालिकेचा काळ साधारण १९२१ ते १९३५, त्यानंतर 'ईए' लागते. नेमकं वर्ष काढायला नंबरांच्या याद्या आहेत, इंटरनॅशनल सुईंग मशीन कलेक्टर्स सोसायटी या संग्राहकांच्या संस्थेने केलेल्या, त्या इंटरनेटवर सहज पाहता येतात. पण एक ध्यानात ठेवा. कारखान्याला हजारो नंबरांचा गठ्ठा एकदम दिला जायचा आणि यादीतली तारीख त्या गठ्ठ्याची असते. तुमचं नेमकं डोकं त्यानंतर काही महिन्यांनी उभं राहिलेलं असू शकतं, आणि मुंबईच्या गोदीतून जळगाव, अमळनेरला पोचायला आणखी वेळ गेलेला असतो. म्हणून मी कधीच 'ही अमुक दिवसाची' म्हणत नाही. 'अमुक सालच्या सुमाराची' म्हणतो.

शटल काय आहे ते पाहा

नंबर गेला असेल, बिल्ला नसेल, तरी शटल बोलतं. सरकपट्टी ओढा आणि हातचाक हळूच आपल्या बाजूला फिरवा.

होडीसारखं शटल सुईच्या मागून आडवं, डावीउजवीकडे धावत असेल तर ती फार जुनी रीत. सिंगरची 'न्यू फॅमिली', म्हणजे १२ नंबर, १८६५ साली आली ती अशीच. तिची बैठक चौकोनी नसते, मधे कमरेत बारीक, सारंगीच्या खोडासारखी. पण थांबा. याच रूपाच्या मशिनी जर्मनीत कित्येक कारखान्यांनी काढल्या. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी पेटंटांचा एकत्र गठ्ठा बांधला होता, तो १८७७ साली संपला, आणि तोवर युरोपात नकला केव्हाच सुरू झाल्या होत्या. तेव्हा सारंगीसारखी बैठक दिसली की ती सिंगर, असं धरू नका, नाव आणि नंबर शोधा.

बंदुकीच्या गोळीसारखं लांबट शटल असेल आणि ते झुल्यासारखं कमानीत मागेपुढे जात असेल तर सिंगरच्या २७, २८, १२७, १२८ या घराण्यातली मशीन, किंवा तिची जर्मन बहीण. २७ आणि १२७ पूर्ण मापाच्या, २८ आणि १२८ पाऊण मापाच्या. बाबीन भरायचं यंत्र खाली बैठकीलगत असेल तर जुनी २७-२८, वर हातचाकाच्या उंचीला असेल तर १२७-१२८. या मशिनींची लांब दांडीची बाबीन हरवलेली असते, आणि बायका सांगतात, "मशीन बिघडली म्हणून माळ्यावर टाकली." बिघडलेली नसते. बाबीन आणि शटल मिळालं की दहा मिनिटांत शिवू लागते.

गोल बाबीन डाव्या टोकाला, उभ्या केसमध्ये बसत असेल तर १५ नंबरचं घराणं. हीच बाबीन आज कुठल्याही दुकानात मिळते, कारण आपल्या देशी मशिनी याच घराण्यातून निघाल्या. गोल बाबीन वरून, सुईच्या पुढच्या खळग्यात टाकायची असेल तर ६६, आणि तिचं पाऊण माप म्हणजे ९९.

बाबीनच नसेल, एकाच दोऱ्याची साखळी टाके पडत असतील आणि मशीनचा आकार रोमन 'जी' अक्षरासारखा असेल, तर ती अमेरिकेची विलकॉक्स अँड गिब्ज. आपल्या भागात मी एकच पाहिली.

पारोळ्याच्या मशीनची सरकपट्टी मी ओढली तेव्हा आत गोल बाबीन, उभी केस. म्हणजे १५ नंबरचं घराणं. इथवर भावाचंही चुकलेलं नव्हतं आणि बहिणीचंही नाही, कारण ही घडण सगळ्यांनीच उचलली. खडू फिरवला तेव्हा पहिलं अक्षर उठलं, वाय.

"वाय म्हणजे?" बहिणीने विचारलं.

"वाय म्हणजे क्लाइडबँक, ताई. विलायत."

भावाचा चेहरा पडला. तो म्हणाला, "पण आमचे आजोबा जर्मनची म्हणायचे. ते खोटं कसं बोलतील?"

जर्मनची, म्हणजे काय

या एका शब्दाने आपल्याकडे फार घोटाळा केला आहे. आपल्या घरात ॲल्युमिनियमच्या पातेल्यालाही 'जर्मनचं' म्हणतात, मग ते कुठेही बनलेलं असो. तसंच जुनं, जड, टिकाऊ, बाहेरून आलेलं ते सगळं 'जर्मनचं'. म्हणून घरात जर्मन म्हणत असले तर ती साक्ष टाकून देऊ नका, पण पुरावाही मानू नका.

आणि खऱ्या जर्मन मशिनी खानदेशात आहेतच. कापसाला भाव होता तेव्हा अमळनेर, जळगाव, धुळ्याच्या व्यापाऱ्यांच्या घरात मुंबईहून चांगला माल यायचा, त्यात त्याही आल्या. खूण पाहा. फाफचा कारखाना कायझर्सलाउटर्न गावचा, १८६२ चा. द्युरकोप, फिनिक्स आणि कॉख्स आडलर हे तिघं बीलेफेल्ड या एकाच गावचे. फिनिक्सवर त्याच नावाचा पक्षी, आडलरवर गरुड. हातोडा धरलेला बुटका असेल तर फ्रँकफुर्टचा वेर्टहाइम. नाउमान ड्रेस्डेनचं, ग्रिट्झ्नर दुरलाखचं, वेस्टा आल्टेनबुर्गचं, फ्रिस्टर अँड रॉसमान बर्लिनचं. यातल्या पुष्कळांनी दुकानदाराच्या नावानेही माल पाठवला, तेव्हा कमानीवर मुंबईच्या एखाद्या दुकानाचं नाव दिसलं तर ते विकणाऱ्याचं समजा, करणाऱ्याचं नाही. करणाऱ्याची खूण खांबावरच्या बिल्ल्यात किंवा सरकपट्टीत लपलेली असते.

देशाचं नाव लिहिलेलं असेल तर त्यातूनही काळ निघतो. इंग्लंडमध्ये १८८७ साली कायदा झाला की परदेशी मालावर मूळ देश लिहावा, आणि हिंदुस्थानात तसा मालखुणांचा कायदा १८८९ साली आला. म्हणून 'मेड इन जर्मनी' दिसलं तर ती मशीन बहुधा त्यानंतरची. 'वेस्टर्न जर्मनी' असेल तर १९४९ नंतरची, देशाची फाळणी झाल्यावरची. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची आणि १९५२ च्या आधीची. त्या जपानी मशिनी सिंगरच्या १५ नंबरच्याच घडणीच्या, आणि घडण उत्तम. त्यांना कमी लेखू नका.

इंग्लंडची स्वतःचीही होती. मँचेस्टरजवळची जोन्स, तिच्या कमानीवर राणी अलेक्झांड्राला पुरवल्याचं सोनेरी अक्षरात लिहिलेलं असतं. अलेक्झांड्रा राणी झाली १९०१ साली, म्हणजे मशीन त्या सालाच्या अलीकडची.

सिंगरचा खरा बिल्ला पितळी, लंबगोल, मधे मोठा रोमन 'एस', त्यावर शटल आणि फुलीसारख्या दोन सुया. तो दोन खिळ्यांनी ठोकलेला असतो. बिल्ल्याऐवजी नुसता स्टिकर असेल, किंवा खिळ्यांची जुनी भोकं एका जागी आणि बिल्ला दुसऱ्या जागी असेल, तर कुणीतरी हात घातलेला आहे. नक्षीवरून साल काढू पाहणाऱ्यांना एक सांगतो. सिंगरच्या नक्षीत सिंहाच्या धडाची इजिप्ती मूर्ती दिसली की लोक म्हणतात, ही १९२२ नंतरची, तुतनखामेनची कबर सापडल्यावरची. तसं नाही. ती नक्षी कबर सापडण्याच्या आधीपासून होती.

आपली मशीन

देशी मशिनीला जुनी म्हणायला लोकांना कमीपणा वाटतो. मला पटत नाही. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची उषा १९३० च्या दशकापासूनची आहे, म्हणजे तुमच्या घरातली उषा शेजारच्या घरातल्या सिंगरच्या बरोबरीची असू शकते. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली तेव्हा गावोगावच्या शिवणवर्गांना याच मशिनींनी हात दिला. मेरिट हा सिंगरच्याच भारतातल्या व्यवसायाचा शिक्का, नाव आलं आयझॅक मेरिट सिंगर यांच्या मधल्या नावावरून. आणि लुधियानात १५ नंबरच्या घडणीची डोकी आणि सुटे भाग आजही मोठ्या प्रमाणात बनतात.

त्यातल्याच काही डोक्यांवर सिंगरसारखी नक्षी आणि जुनाट दिसणारा बिल्ला लावून ती जुनी म्हणून विकली जातात. ओळखायला डोळ्यापेक्षा बोट बरं. बुडाखालच्या ओतकामावर बोट फिरवा. जुन्या क्लाइडबँकच्या ओतकामाच्या कडा घासून सारख्या केलेल्या असतात, नकलेत वाळूचा खरखरीतपणा आणि शिवण हाताला लागते. हातचाक फिरवून सोडा, चांगली मशीन आवाज न करता थोडी पुढे जाऊन थांबते. खांबाच्या मागे मोटर बसवायचा ओतीव उंचवटा असेल तर घडण अलीकडची, फार जुन्या डोक्यांवर तो नसतो.

खादीच्या माणसांना मशीन चालेल का, असा प्रश्न मला एका शाळेत मुलांनी विचारला होता. आपल्याच फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, त्याबद्दल बोलत होतो. यंत्रांविरुद्ध इतकं बोलणाऱ्या गांधीजींनी शिवणयंत्राला मात्र अपवाद केला होता. सिंगरने आपल्या बायकोचे कष्ट पाहून ते केलं, त्यात माया आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ते त्यांनी १९२४ साली सांगितलं. म्हणजे 'वाय' मालिकेच्या डोक्यांचा तो काळ.

लाल पाऱ्याबद्दल

हे सांगणं भाग आहे, कारण दर वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी विचारतं. जुन्या सिंगरच्या सुईच्या दांड्यात 'लाल पारा' असतो आणि त्याला लाखो रुपये मिळतात, ही थाप आहे. २००९ साली सौदी अरेबियात ही अफवा उठली आणि लोकांनी जुन्या मशिनींना वेड्यासारखे पैसे मोजले. मशीनमध्ये पारा नसतो, लाल नाही की पांढरा नाही. कुणी मोबाइल जवळ नेऊन तपासून दाखवतो म्हणाला तर त्याला ओट्यावरूनच परत पाठवा. मशीन फोडून पाहणाऱ्यांनी चांगली डोकी कायमची वाया घालवली आहेत.

तसंच भंगारवाल्याचं. किलोच्या भावात देण्याआधी निदान नंबर तरी लिहून घ्या.

पाय आणि कागद

पायमशीनचं डोकं आणि स्टँड एकाच घरचं असतंच असं नाही. कारखान्यांची बैठकीची मापं पुष्कळदा सारखी, म्हणून कुणाचंही डोकं कुणाच्याही स्टँडवर बसतं. स्टँडवरचं नाव ओतीव असतं, मोठं असतं, आणि घरातल्या लहान पोरांच्या डोळ्यासमोर तेच येतं. डोकं ओट्याच्या उंचीवर, पोर जमिनीवर. म्हणून मी भावाला म्हणालो, "घरी गेलात की स्टँडच्या दोन्ही बाजूंच्या जाळीचा आणि पायपट्टीचा फोटो पाठवा."

कागद शोधायची जागा म्हणजे मशीनचा ड्रॉवर, पेटीचा कप्पा, आणि आजीची लोखंडी ट्रंक. सिंगर हप्त्याने विकायची पद्धत १८५० च्या दशकातच अमेरिकेत सुरू झाली आणि इकडेही तीच आली. हिंदुस्थानात तो कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी कित्येक वर्षं पाहिला. हप्त्याच्या पावतीवर नंबर, गाव, तारीख सगळं असतं. एरंडोलच्या एका घरात पावत्यांचा गठ्ठा गाथेच्या पोथीत ठेवलेला मिळाला. कागद नसतील तर घरातल्या सगळ्यात वयस्क बाईजवळ बसा. मशीन कुणाच्या लग्नात आली, गाडीने की रेल्वेने, आधी कुणाकडे होती, पहिलं काय शिवलं, हे विचारा आणि ती ज्या शब्दांत सांगेल त्याच शब्दांत लिहा. सालाचा अंदाज नंबराने निघतो, पण ती आपल्या गावात कशी आली हे नंबर सांगत नाही.

अमळनेरला रेल्वे तापी खोऱ्यातून सुरतेकडून आली, ती गेल्या शतकाच्या तोंडावर. म्हणून त्या आईचं 'अमयनेरथून गाडावर' मला लगेच पटलं. स्टेशनपर्यंत वाघिणीतून, पुढे बैलगाडीतून.

शेवटी मी एक चिठ्ठी लिहून देतो. जाड कागदावर पेन्सिलने, कारण शाई तेलात पसरते. करणारा, कारखाना, नंबर जसाच्या तसा, सालाचा अंदाज, शटलचा प्रकार, काय मूळचं आणि काय बदललेलं, आणि घरच्यांनी सांगितलेली हकीकत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ड्रॉवरमध्ये किंवा बैठकीखाली चिकटवून.

पारोळ्याच्या मशीनची चिठ्ठी मी अर्धी ठेवली. तिसऱ्या दिवशी भावाचा फोटो आला. स्टँडच्या जाळीत मधोमध ओतीव अक्षरं होती, फाफ. मी फोन केला, तर मागून आईचा आवाज आला. पहिला स्टँड पुरात वाहून गेला, डोकं तेवढं माळ्यावर होतं म्हणून वाचलं, आणि सासऱ्यांनी धुळ्याच्या बाजारातून हा दुसरा आणला. ते वर्ष तिला आठवत नव्हतं, पण धाकटा दीर तेव्हा पाळण्यात होता.

पुढच्या सोमवारी बहीण सासरी परत जाताना दुकानावरून गेली. चिठ्ठीत वरच्या ओळीत तिने स्वतः लिहिलं, 'डोकं सिंगर, क्लाइडबँक, वाय मालिका'. खालच्या ओळीत भावाने, 'पाय फाफ, जर्मनी, धुळ्याचा बाजार, धाकटे काका पाळण्यात'. मी तेल घातलं, नवी वादी दिली आणि सुई बसवून दोन चिंध्यांवर टाका पाडून दाखवला.